डाव्या डोळ्याचं धनुष्य

हे सगळं १९७९ साली घडलं. साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी बर्डेटचा गुडघा निखळला. तो निखळला नसता तर स्वतःला बऱ्यापैकी नेमबाज समजत मी सुखानं म्हातारी झाले असते.

माझे थोरले दीर ऑर्व्हिल दर सप्टेंबरात डोंगरात एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या रानटी हरणाच्या, शिकारीचा तळ टाकत. दहा दिवस, तीन माणसं, पाच घोडी आणि फक्त धनुष्यबाण. बंदुकीचा हंगाम नंतर येतो आणि ऑर्व्हिलच्या मते तो घाईतल्या लोकांसाठी असतो. तीन माणसं म्हणजे स्वतः ऑर्व्हिल, माझा नवरा मर्ल आणि त्यांचा जुना दोस्त बर्डेट. लग्न झाल्यापासून तेवीस वर्षं मी त्या तळासाठी बिस्किटं भाजली, लोकरीचे मोजे रफू केले, आणि मंडळी परत आली की मांस कापून, कागदात गुंडाळून, वर तारीख घालून ठेवलं. तळ मात्र कधी पाहिला नाही. मनाई होती असं नाही. आमच्याकडे कुणी कुणाला मनाई करत नाही, फक्त विचारत नाही.

जुलैतल्या एका रविवारी ऑर्व्हिल आमच्याकडे जेवायला होते. बटाट्यांचं भांडं पुढे सरकवत ते म्हणाले, "बर्डेट येत नाही. गुडघा गेला. एक घोडा रिकामा जाणार. आणि हे शेवटचं वर्ष. वसंतात घोडी विकतोय. बहात्तर झाली मला. हल्ली मी खोगीर उचलत नाही, खोगीरच मला उचलतं."

"मी येईन," मी म्हटलं.

"कुठे?" मर्लनं विचारलं.

"डोंगरात."

मर्लचा काटा हवेतच राहिला. ऑर्व्हिल घास चावत होते. चावताना ते विचार करत, त्यामुळे त्यांच्याबरोबरचं जेवण लांबायचं. शेवटी घास गिळून ते म्हणाले, "धनुष्य आहे?"

"आहे."

"मग परीक्षा द्यावी लागेल. घरची आहेस म्हणून सूट नाही."

ही परीक्षा साऱ्या खोऱ्याला ठाऊक होती. शिकारीला जाण्याआधी ऑर्व्हिल तीन वेळा, न सांगता, सकाळी तुमच्या दारात येऊन उभे राहत. पंचवीस पावलांवर गवताच्या गठ्ठ्याला एक पत्र्याची थाळी टांगलेली. एकच बाण. त्याआधी हात सैल करायचे नाहीत, सराव करायचा नाही, कॉफीसुद्धा प्यायची नाही. "एल्क काही तुला आधी दोन बाण मारून बघ म्हणणार नाही," असं त्यांचं म्हणणं. तीनपैकी दोन बाण थाळीत लागले तर तळावर, नाहीतर घरी. मर्ल दरवर्षी बरोबर दोन लावायचा आणि मग डोंगरात एकही नाही. तेवीस वर्षांत त्याला एक एल्क मिळाला होता, आणि तोही, ऑर्व्हिलच्या शब्दांत, "बाणाच्या वाटेत आला म्हणून."

माझं धनुष्य शाळेचं होतं. मी गावातल्या शाळेत कारकून होते. एकसष्ट साली एका मुलीच्या बाणानं मुख्याध्यापकांची टोपी उडवून व्हरांड्याच्या खांबाला खिळली, तेव्हा मुलींचा धनुर्विद्येचा वर्ग बंद होऊन व्हॉलीबॉल सुरू झाला. (टोपीत त्या वेळी मुख्याध्यापक नव्हते, हे त्यांचं सुदैव. व्हॉलीबॉल संघ पुढे अठरा वर्षं सतत हरला, तो त्या मुलीचा शाप असावा.) सामान निकालात काढायचं काम माझ्याकडे आलं. शिक्षकासाठी मागवलेलं मोठं धनुष्य मी माझ्यासाठी निकालात काढलं. त्यावर पांढऱ्या रंगात सात आकडा होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी भांडी घासून झाली की मी परसात दहा-बारा बाण मारायचे. पाचातले चार थाळीत लागत. कसे लागतात हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. जेवताना घास तोंडातच कसा जातो हे कुणी विचारतं का?

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सहाला दार वाजलं. मी ड्रेसिंग गाऊनमध्ये, केसांत कुरळे करायची रिळं. ऑर्व्हिल पायरीवर.

"मार," ते म्हणाले.

मी सात नंबर काढलं, परसात गेले, ओढलं, सोडलं. बाण थाळीत, मधोमध नाही पण थाळीत. मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील. ते गठ्ठ्यापर्यंत गेले, बाण दोन बोटांनी उपसला. फार सहज निघाला.

"पोचला," ते म्हणाले. "जरा रमतगमत पोचला."

"म्हणजे?"

"थाळी जागची हलत नाही. एल्क हलतो. आणि थाळीला बरगड्या नसतात. किती पौंडाचं आहे हे?"

"पंचेचाळीस. इथे लिहिलंय."

"लिहिलंय खरं," ते म्हणाले आणि बाण माझ्या हातात दिला. "धनुष्य तुझं, निर्णय तुझा. बदल म्हणत नाही, ठेव म्हणत नाही. फक्त जखमी जनावर मला डोंगरात फिरायला नको."

माझ्या शांत आयुष्याचा शेवट या वाक्यानं झाला. "बदल" म्हणाले असते तर मी भांडले असते. "ठेव" म्हणाले असते तर ठेवलं असतं. पण ते निर्णय माझ्यावर सोडून निघून गेले, आणि आमच्या गावात एखाद्या बाईवर निर्णय सोडला आहे हे कळायला फक्त शेजारीण लागते.

शेजारीण डेल्फिया कुंपणापलीकडे भोपळ्याला पाणी घालत होती. जिल्ह्याच्या जत्रेत तिला पहिलं बक्षीस हवं होतं. तिनं आयुष्यात झाडूनं रॅकून हाकलण्यापलीकडे शिकार केली नव्हती, पण मत होतं.

"अर्डिथ, नवीन घे," ती म्हणाली. "तू आणि ते धनुष्य एकाच वेळी म्हातारे झालात. दोघांपैकी एकाला तरी बदलता येतंय."

मर्लचंही तेच. त्याच्याकडे त्या काळी नव्यानं निघालेलं चाकांचं धनुष्य होतं: दोन टोकांना दोन चाकं, मध्ये तारा. ते ओढताना सुरुवातीला जड आणि शेवटी हलकं. "चाकांचं घे. ओढून धरलं तरी हात थरथरत नाही."

"तुझा थरथरत नाही, मग लागत का नाही?"

"ते वेगळं," मर्ल म्हणाला आणि तो विषय त्यानं तिथेच मिटवला.

आधी सात नंबरचं खरं वजन, म्हणजे ते ओढायला लागणारा जोर, तरी कळावा म्हणून मी परवान्याच्या कचेरीत गेले. नियम होता: एल्कसाठी किमान चाळीस पौंडाचं धनुष्य. तिथला तरुण अधिकारी अतिशय सभ्य होता, आणि सभ्य माणसं फार नुकसान करतात. त्यानं काट्याला धनुष्य अडकवलं, मला नेहमीसारखं ओढायला सांगितलं आणि आकडा वाचला.

"एकोणचाळीस."

"पंचेचाळीस लिहिलंय त्याच्यावर!"

"ते लांब हाताच्या माणसासाठी, मॅडम. तुमचा हात आखूड आहे. जितकं कमी ओढाल तितकं वजन कमी."

"मग मी बेकायदेशीर आहे?"

तो नियमपुस्तक चाळत राहिला. "धनुष्य कायदेशीर आहे. तुम्ही... नियमात हाताबद्दल काही नाही. मी राजधानीला पत्र टाकून विचारतो." पत्रावर त्यानं विषय लिहिला: "अर्जदाराच्या हाताची लांबी". माझ्या मागे रांगेत सात माणसं होती आणि त्यांतली सहा आमच्या चर्चमधली. "तोवर परवाना घेऊन जा," तो म्हणाला. राजधानीचं उत्तर फेब्रुवारीत आलं. त्यात प्रश्न ठरलेल्या नमुन्यात पुन्हा पाठवा असं होतं.

एक पौंड! एका पौंडासाठी माणसानं काय करावं? मी तीन दिवस दाराच्या चौकटीला लोंबकळून हात लांब होतो का पाहिलं, हे मर्लशिवाय कुणाला माहीत नाही. आता तुम्हाला झालं.

चौथ्या दिवशी मी व्हर्लिनकडे गेले. खोगिरांच्या दुकानामागच्या खोलीत त्याचं धनुष्यांचं दुकान होतं. त्यानं सात नंबरकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"दोन्ही हात पुढे करा. तळव्यांमध्ये लहान खिडकी ठेवा. खिडकीतून भिंतीवरच्या त्या हरणाचं नाक बघा. दिसलं? आता डावा डोळा मिटा."

नाक गेलं. खिडकीत नुसती भिंत.

"आता उजवा मिटा."

नाक परत आलं.

व्हर्लिननं डोक्यावरची टोपी काढली. आमच्याकडे टोपी अंत्ययात्रेत काढतात. "तुमचा नेमाचा डोळा डावा आहे. आणि धनुष्य मारता उजव्या हातानं. किती वर्षं?"

"अठरा."

"अठरा वर्षं तुम्ही चुकीच्या डोळ्यानं नेम धरताय."

"पण बाण लागतात."

"तेच तर कळत नाही," तो म्हणाला. "लागायला नकोत."

आता सांगा, अशा वेळी शहाण्या बाईनं काय करावं? शहाणी बाई म्हणाली असती, "लागतात ना, मग झालं तर," आणि घरी गेली असती. मी खुर्चीवर बसले. अठरा वर्षं भूमितीच्या विरोधात जगल्याबद्दल मला लाज वाटली. व्हर्लिन म्हणाला की उपाय एकच, डाव्या हातानं मारायचं. त्याच्याकडे, योगायोगानं, डाव्या हाताचं चाकांचं धनुष्य होतं, अगदी माझ्या मापाचं. त्यानं ते भिंतीवरून उतरवलं आणि फुंकर मारली. जी धूळ उडाली ती पाहून माझ्या डोक्यात एखादा विचार यायला हवा होता. सारं खोरं उजव्या हातानं मारणारं. ते धनुष्य तिथे तीन वर्षं लटकलं होतं, हे मला नाताळात कळलं.

घरी येऊन मी मर्लला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लावलं. हातांची खिडकी, एक डोळा, दुसरा डोळा. तोही डावा! मर्ल व्हरांड्यात जाऊन बसला. अर्ध्या तासानं मी कॉफी घेऊन गेले तर तो बोटांवर हुकलेले एल्क मोजत होता.

"एकसष्टचा, ओढ्यापलीकडचा," तो म्हणाला. "अडुसष्टचे दोन. त्र्याहत्तरचा तो मोठा, ज्याच्यावरून ऑर्व्हिल अजून बोलतो. अर्डिथ, माझी चूक नव्हती!" त्याचे डोळे भरून आले. इतका सुखी मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

"मग तूही हात बदल."

"वेड लागलंय? तेवीस वर्षांनी कारण सापडलंय. आता बदलून ते घालवू?"

बातमी रविवारच्या चर्चच्या जेवणात पसरली. पास्टर ओल्गार्ड यांच्यापासून सगळे हातांच्या खिडक्या करून एकमेकांची नाकं बघायला लागले. ट्यूना माशाच्या नूडल्स थंड होऊन त्यांची खीर झाली. दंतवैद्याचा डोळा हाताच्या उलट निघाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडचे चार रुग्ण आले नाहीत. डेल्फिया म्हणाली की तिचे दोन्ही डोळे मुख्य आहेत. ते मात्र कुणालाही खोटं वाटलं नाही. तिच्या परसातून ती दोन रस्त्यांवर लक्ष ठेवायची.

डाव्या हाताची सवय व्हावी म्हणून मी सगळंच डाव्या हातानं करू लागले. लोणी लावणं, दात घासणं, शाळा उघडल्यावर उशिरा येणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्या. त्या आठवड्यात माझी सही पाहून बँकेनं फोन केला. शिवाय डेल्फियाच्या सल्ल्यानं उजव्या डोळ्यावर पट्टी. ती तिनं स्वर्गवासी नवऱ्याच्या काळ्या कोटाच्या अस्तरातून शिवून दिली होती, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. शाळेतली मुलं मला "चाचेबाई" म्हणू लागली आणि माझ्या टेबलावर कुणीतरी कागदी पोपट ठेवला. मुख्याध्यापकांनी मला आत बोलावून हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? मर्ल... म्हणजे, तसा शांत माणूस आहे तो..." बिचाऱ्या मर्लकडे महिनाभर गावातल्या बायका रागानं बघत होत्या.

आणि बाण? बाण कुठेही जात. उजवा हात अठरा वर्षं जे काम न विचारता करत होता, ते डाव्या हाताला एकेक करून सांगावं लागे, आणि डावा हात ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. दोरी लागून उजव्या हातावर जांभळी वांगी उगवली. मी मर्लला म्हणाले, "आता माझं वय नवीन हात शिकायचं नाही." तो म्हणाला, "मला बोलू नकोस, मी डावा डोळा आहे." हे उत्तर तो त्या महिन्यात सगळ्याला द्यायचा.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दार वाजलं. पायरीवर ऑर्व्हिल.

"कुठल्या धनुष्यानं मारायचं?" मी विचारलं.

"जे डोंगरात नेणार त्यानं."

मी नवं उचललं. महिन्याची मेहनत, व्हर्लिनचं शास्त्र, सगळ्यांचे सल्ले, सगळं त्या धनुष्यात होतं. पट्टी बांधली, ओढलं, सोडलं. बाण थाळीच्या वरून, गठ्ठ्याच्या वरून, कुंपणाच्या वरून गेला. मग एक ओला, जाड आवाज आला.

डेल्फिया खिडकीत होती.  जत्रेला चार दिवस राहिले होते आणि तिच्या भोपळ्यात माझा बाण पिसांपर्यंत रुतला होता. ऑर्व्हिल कुंपण ओलांडून गेले, बुटाचा जोर लावून बाण उपसला, पँटला पुसला आणि आणून दिला.

"या वेळी जोर होता," ते म्हणाले. "एक लागला, एक गेला. तिसरी सकाळ केव्हा ते मी ठरवीन. कुठलं न्यायचं ते तू ठरव."

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. सात नंबर उचललं की वाटे, चुकीचा डोळा, आखूड हात, रमतगमत जाणारा बाण. बरगडीत अडकला तर ते जनावर आठवडाभर रानात तडफडेल. नवं उचललं की भोपळा दिसे. शाळेत मी कागदाचे दोन भाग करून एकीकडे जुन्याचे गुण आणि दुसरीकडे नव्याचे लिहिले. दोन्ही भाग भरले, आणि मी रडले. तेवीस वर्षांत मला कुणी तळावर नेलं नव्हतं. पुढच्या वर्षी तळच नव्हता. आणि मी महिनाभरात दोन्ही हातांनी निकामी झाले होते.

पास्टर ओल्गार्ड धीर द्यायला आले. कॉफी झाली, प्रार्थना झाली, दोन बिस्किटं झाली. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या नव्या धनुष्याकडे गेली.

"हेच का ते? बघू?" त्यांनी उचललं. "हे असं ओढतात होय? अरे वा, शेवटी हलकंच होतं की!"

"पास्टर, सोडू नका! बाण नाही लावलेला!"

बाण नसताना ओढलेली दोरी कधी सोडायची नाही. बाणानं न्यायचा तो सगळा जोर धनुष्य स्वतःच्या अंगावर घेतं. आमच्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही ते जाणतं. पण पास्टर शहरातून आले होते, आणि माझी किंकाळी ऐकून दचकले. दचकलेला माणूस पहिलं काय करतो? हातातलं सोडतो.

बंदुकीसारखा आवाज झाला. वरचं दांडकं दुभंगलं, तार छपराला लागली, एक चाक खिडकीतून बाहेर गेलं ते अजून सापडलेलं नाही. पास्टर हात तसेच धरून उभे होते, हातात धनुष्याची नुसती मूठ. ते ठीक होते. त्यांच्या तोंडून निघालेला शब्द मी कुणाला सांगितला नाही आणि इथेही सांगणार नाही.

अशा रीतीनं निर्णय झाला. मी घेतला असं म्हणता येणार नाही.

पण सात नंबर माझं कुठे राहिलं होतं? त्या संध्याकाळी उजव्या हातानं दहा बाण मारले. थाळीत एकही नाही. प्रत्येक वेळी मध्येच व्हर्लिन बोलायचा: लागायला नकोत. आणि बाण आता त्याचं ऐकत होते. मी आशा सोडली. मंडळी निघायच्या आदल्या सकाळी उठून मी कणीक मळायला घेतली, तेवीस वर्षं घेत होते तशी. दोघांची बिस्किटं.

दार वाजलं. मी कोपरापर्यंत पिठात.

ऑर्व्हिलनी ओट्यावरच्या गोळ्याकडे पाहिलं. "किती माणसांची?"

"दोघांची."

"हं," ते म्हणाले. "मग बर्डेटचा घोडा रिकामाच जाणार. त्याला सांगतो, आराम कर."

घोड्याला! मला नाही, घोड्याला! मी असं चिडले की हात धुवायचंही सुचलं नाही. सात नंबर खिळ्यावरून काढलं, दार लाथेनं उघडलं, आणि थाळीकडे नीट बघितलंसुद्धा नसेल, सोडला बाण. थाळी टणकन वाजली. मधोमध. दांड्यावर पिठाची बोटं उमटली होती.

मी आत गेले आणि पिठात आणखी दूध ओतलं. तिघांची.

डोंगराबद्दल मी फार सांगत बसणार नाही. सात दिवस काहीच नाही. मर्लचा एक बाण गेला, आणि त्यानं परत येऊन प्रसन्न चेहऱ्यानं डाव्या डोळ्याकडे बोट दाखवलं. आठव्या दिवशी सकाळी मी एका पडलेल्या खोडामागे गुडघे टेकून बसले. मागे चाळीस पावलांवर ऑर्व्हिल. त्यांनी रबरी नळीचा तुकडा तोंडाला लावून एल्कसारखी लांब शीळ घातली. समोरच्या उतारावरून उत्तर आलं. पुन्हा शीळ, पुन्हा उत्तर, जवळून. मग फांद्या मोडायचा आवाज आणि ओल्या लोकरीसारखा, तबेल्यासारखा वास.

तो झाडीतून बाहेर आला. घोड्याएवढा. नाकातून वाफ. डाव्या शिंगाचं एक टोक चालायच्या काठीच्या मुठीसारखं खाली वळलेलं. अठरा पावलं. त्याचं डोकं एका बुंध्याआड गेलं तेव्हा मी धनुष्य ओढलं, अगदी पूर्ण, एकोणचाळीस पौंड. तो बाहेर आला, कूस माझ्याकडे करून थांबला. याहून चांगलं जनावर कुणासमोर थांबलं नसेल.

आणि माझ्या मनात आलं: कुठला डोळा?

उजवा मिटला. एल्क उजवीकडे सरकला. डावा मिटला. एल्क डावीकडे आला. दोन्ही उघडे ठेवले तर दोन एल्क, आणि मधली जागा रिकामी.  हा माझा पहिला, हा शेवटचा. चुकीचा डोळा, आणि तो आठवडाभर पोटात बाण घेऊन फिरणार. मी पुन्हा उजवा मिटला. पुन्हा डावा. आणि मग, देवाशपथ, मी दोन्ही मिटले.

उघडले तेव्हा एक फांदी हलत होती.

दोरी मी हळूहळू परत नेली. बाण काढून भात्यात ठेवला, ते करायला बराच वेळ लागला. ऑर्व्हिल येऊन खोडावर बसले.

"दिसला नाही?"

"दोन दिसले."

त्यांनी टोपी मागे केली. "आणि सोडला नाहीस."

"जखमी जनावर नको म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," ते म्हणाले. त्यांनी नळीचा तुकडा खिशात घातला. मग ते म्हणाले, "मला वाटलेलं, तू सोडशील." ही तक्रार होती की शाबासकी, यावर मी गेली कित्येक वर्षं विचार करते आहे. विचारायला हवं होतं. पण आमच्याकडे विचारत नाहीत.

ऑर्व्हिलनी ठरल्याप्रमाणे पुढच्या वसंतात घोडी विकली आणि चार वर्षांनी, सप्टेंबरात, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. बर्डेटचा गुडघा बरा झाला. पण तुझ्या घोड्यावर मी बसले होते असं सांगितलं की तो लंगडून दाखवायचा. डेल्फियानं तो भोपळा बाणाच्या भोकासकट जत्रेत ठेवला आणि तिसरं बक्षीस घेतलं. पहिलं माझ्यामुळे गेलं हे ती मरेपर्यंत माझ्या वाढदिवसाला सांगत असे. पास्टर ओल्गार्ड तीन वर्षांनी समुद्रकाठच्या गावी बदलून गेले. जाताना त्यांनी मला धनुष्याची भरपाई म्हणून लोकरीचं पांघरूण दिलं, ते अजून अंगावर आहे. व्हर्लिननं दुकान बंद करून चष्मे विकायला सुरुवात केली आणि श्रीमंत झाला. मर्लनं हात कधीच बदलला नाही. त्याला पुन्हा एल्क मिळाला नाही, आणि शेवटच्या आजारात तो डॉक्टरलासुद्धा म्हणाला की माझी चूक नाही, डोळा डावा आहे. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.

मी नव्वदीला टेकले. पुन्हा डोंगरात गेले नाही. नेणारं कुणी उरलं नाही, आणि स्वतःहून विचारायची हिंमत मी आयुष्यात एकदाच केली होती.

त्या एल्कचं काय झालं ते मला माहीत नाही. पण त्या हिवाळ्यात आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी खोऱ्यातल्या एकूण एक घरी जाऊन भिंतीवरची शिंगं पाहिली. डाव्या शिंगाचं खाली वळलेलं टोक कुठेच नव्हतं.